सेव्हन सीटर की सेडान? बुकिंगची रक्कम देण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून करायची कामं

दोन वर्षांपूर्वी गणपतीला पुण्याहून गुहागरला निघालो, तेव्हा आमच्या जुन्या सेडानमध्ये (मागे वेगळी डिकी असलेली पाच सीटची गाडी) आम्ही सहा जण होतो. पुढे नवरा आणि सासरे. मागे सासूबाई, मी, दहा वर्षांची लेक आणि माझ्या मांडीवर चार वर्षांचा मुलगा. कुंभार्ली घाटात एका वळणावर समोरून ट्रक आला, नवऱ्याने जोरात ब्रेक मारला आणि मुलाचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. खोक पडली नाही, पण मुलाला मांडीवर नव्हे, त्याच्या स्वतःच्या सीटवर बसवायला हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. मूल मांडीवर घेऊन प्रवास करणं चूकच होतं.

परत आल्यावर गाडी बदलायची हे नक्की झालं. कोणती घ्यायची हे ठरायला मात्र पाच महिने गेले, कारण आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी व्हिडिओ पाहिले, मग शोरूम पालथी घातली, मग किमती विचारल्या आणि अगदी शेवटी घरातलं कोण कुठे बसणार याचा विचार केला. हाच क्रम उलटा धरला असता तर पंधरा दिवसांत काम झालं असतं. म्हणून आता ओळखीतलं कुणी विचारलं की मी हा सगळा क्रम लिहूनच देते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती आम्हाला शोरूममध्ये कुणीही आपणहून सांगितली नाही. साडेचार मीटरच्या आसपास लांबीच्या सेव्हन सीटरमध्ये सात माणसं तरी बसतात किंवा सामान तरी बसतं. दोन्ही एका वेळी बसत नाही. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

१. मागच्या वर्षातले प्रवास कागदावर काढा

वहीचं एक पान घ्या. मागच्या बारा महिन्यांत गाडी घेऊन कुठेकुठे गेलात, किती माणसं होती आणि किती बॅगा होत्या, हे आठवून लिहा. फास्टॅगचं स्टेटमेंट आणि फोनमधले फोटो समोर ठेवले की विसरलेले प्रवासही आठवतात. ऑफिस, शाळा, भाजी यांसाठी एकच ओळ पुरे. गावाबाहेरचे प्रवास मात्र एकेक करून लिहा.

आमच्या पानावर गावाबाहेरचे एकवीस प्रवास निघाले. त्यातल्या सहा प्रवासांत पाचपेक्षा जास्त माणसं होती. सासू-सासरे वर्षातले चार महिने आमच्याकडे असतात, नणंद साताऱ्याला असते, त्यामुळे हे सहा प्रवास दरवर्षी होणारच होते. हा आकडा एक-दोनच असता तर मी सेडानच घ्यायला सांगितलं असतं आणि त्या दोन वेळांसाठी ड्रायव्हरसकट मोठी गाडी भाड्याने केली असती. हिशोब सोपा आहे. तुमच्या मनातल्या सेव्हन सीटर आणि सेडानच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल आणि भाड्याच्या गाडीला किलोमीटरला २० रुपये धरले, तर त्या फरकात १५,००० किलोमीटर प्रवास होतो. पुणे-गुहागरच्या कितीतरी फेऱ्या झाल्या.

इथे एक सापळा आहे. "पुढेमागे लागेल" म्हणून मोठी गाडी घेऊ नका. लग्नाला, बारशाला सगळे एकत्र जाऊ, हे चित्र गाडी घेताना फार गोड वाटतं. पण पानावर जे लिहिलेलं आहे तेच खरं धरा.

२. डिकीचे आकडे शेजारी-शेजारी मांडा

माहितीपत्रकात सेव्हन सीटरच्या डिकीचा एक मोठा आकडा ठळक दिलेला असतो. तो बहुतेक वेळा तिसरी रांग पाडल्यावरचा असतो. तुम्ही विचारायचं ते इतकंच: तिसरी रांग उभी असताना किती लिटर?

मारुती एर्टिगात तिसरी रांग उभी असताना २०९ लिटर जागा मिळते आणि पाडली की ५५० लिटर. किआ कॅरेन्समध्ये उभ्या रांगेमागे २१६ लिटर, ह्युंदाई अल्काझारमध्ये १८० लिटर. चार मीटरच्या आतल्या रेनॉ ट्रायबरमध्ये सातही सीट लावल्या तर मागे फक्त ८४ लिटर उरतात. शेवटची रांग काढून ठेवली तर मात्र ६२५ लिटर मिळतात. आता सेडान बघा. होंडा सिटी ५०६, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस प्रत्येकी ५२१, ह्युंदाई व्हर्ना ५२८ लिटर. लहान सेडानमध्ये मारुती डिझायरला ३८२ लिटर मिळतात.

लिटरवरून अंदाज येत नसेल तर असं समजा: दोनशे लिटरमध्ये विमानात हातात नेतो तशा दोन छोट्या बॅगा आणि एखादी पाठीवरची सॅक. आम्ही गुहागरहून परतताना तांदळाचं पोतं, नारळ, कोकमाची बाटली आणि मे महिन्यात आंब्याच्या दोन पेट्या असतात. सात माणसं बसवून हे मागे मावणं शक्यच नाही. छतावर कॅरिअर लावून सोय होते, पण छतावर किती वजन ठेवता येतं ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. ते फारच थोडं असतं आणि घाटातल्या वळणांवर उंचावरचं वजन गाडीला बाहेर ओढतं.

तिसऱ्या रांगेचे दोन भाग वेगवेगळे पाडता येतात का, हेही विचारा. सहा माणसं असतील तेव्हा अर्धी रांग पाडून एका बाजूला बॅगा रचता येतात. आमचे सहाच्या सहा प्रवास आता असेच होतात.

सीएनजी घेणार असाल तर हा सगळा हिशोब पुन्हा करा. एर्टिगाच्या सीएनजी मॉडेलमध्ये तिसरी रांग राहते, पण सिलिंडर डिकीत येतो. डिझायरमध्येही डिकीचा बराच भाग सिलिंडर घेतो. टाटा टिगोरमध्ये दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी आडवे बसवलेले असल्याने वर बॅगा ठेवायला जागा राहते.

३. सगळं घर घेऊन शोरूमला जा

हे काम जरा जास्त वेळाचं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. रविवारी जाऊ नका, गर्दीत कुणी नीट बसूनही देत नाही. मधल्या वारी, सकाळी जा. आजी-आजोबा, मुलं, मुलाची कार सीट आणि घरातल्या दोन मोठ्या बॅगा बरोबर न्या. बॅगा घेऊन शोरूममध्ये जायला संकोच वाटेल. तरी न्या.

आधी वयस्कर माणसांना बसवा. आमचा निर्णय खरं तर इथेच झाला. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सेडानमध्ये बसताना त्यांना खाली वाकून, अंग टाकून बसावं लागायचं आणि उतरताना दाराला धरून उठावं लागायचं. मोठ्या एसयूव्हीत उलटी तऱ्हा. तिथे पायरी चढून जावं लागतं आणि साडीत ते अवघडच. मधल्या उंचीच्या सेव्हन सीटरमध्ये मात्र सीट बरोबर कंबरेच्या पातळीला आली. त्या वळल्या, बसल्या, पाय आत घेतले. त्यांच्या तोंडून "ही बरी आहे गं" एवढंच आलं.

घरी मोजून जायची एक युक्ती सांगते. आजी हात न टेकता ज्या खुर्चीवरून सहज उठतात, तिची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. शोरूममध्ये गाडीच्या सीटच्या कडेची उंची मोजा. जितका फरक कमी, तितकी गाडी त्यांना सोयीची.

मग तिसरी रांग. तिथे घरातल्या सगळ्यात उंच माणसाला वीस मिनिटं बसवा. दोन मिनिटांत काहीच कळत नाही. बहुतेक सेव्हन सीटरमध्ये तिथली सीट जमिनीला लागून असते, त्यामुळे गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. आमच्या सासऱ्यांनी बारा मिनिटांत हात वर केले. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ती जागा ठीक असते. मोठ्या माणसांना तासाभरापलीकडे ती पुरत नाही, एवढं मी पाच-सहा गाड्यांत स्वतः बसून खात्रीने सांगू शकते. तिथे एसीची हवा येते का, पंख्याचा वेग वेगळा करता येतो का, फोन चार्ज करायची सोय आहे का, हेही बघा. मागच्या काचा उघडत नाहीत, त्यामुळे एसी नसेल तर मे महिन्यात तिथे बसवत नाही.

आता मुलाची कार सीट मधल्या रांगेत लावा आणि मग तिसऱ्या रांगेत जायचा प्रयत्न करा. बऱ्याच गाड्यांत मधली सीट पूर्ण दुमडल्याशिवाय मागे जाता येत नाही आणि तिच्यावर कार सीट बसवलेली असेल तर ती दुमडताच येत नाही. ही अडचण आम्हाला तिसऱ्या शोरूममध्ये कळली. मधल्या रांगेत दोन सुट्या सीट असलेली सहा सीटची आवृत्ती घेतली तर मधून चालत मागे जाता येतं, पण मग मध्ये तिघांना बसता येत नाही. घरात लहान मूल आणि मागे बसणारी मोठी मुलं, दोन्ही असतील तर सहा सीटची गाडी जास्त उपयोगाची.

४. पार्किंग मोजा

इथे लोकांचा एक गैरसमज असतो. सेव्हन सीटर म्हणजे लांब गाडी, असं नसतं. एर्टिगाची लांबी साडेचार मीटरच्या आत आहे आणि होंडा सिटी साडेचार मीटरपेक्षा लांब आहे. फरक पडतो तो उंचीत आणि काही मोठ्या गाड्यांच्या रुंदीत. सेडान साधारण दीड मीटरच्या आसपास असते, सेव्हन सीटर बहुतेक १.७ मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच. सोसायटीत एकावर एक गाड्या ठेवणारं यांत्रिक पार्किंग असेल, तर तिथल्या फलकावर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. ती वाचूनच पुढे जा. साध्या पार्किंगमध्ये खांबापासून खांबापर्यंतची रुंदी मोजा आणि दार उघडून आजींना उतरता येईल का ते पाहा. मागचं दार वर उघडणारं असेल तर भिंतीपासून मागे जागा ठेवावी लागते.

५. टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका

विक्रेता शेजारी बसवून सपाट रस्त्यावर पाच किलोमीटरची चक्कर मारणं, याला मी टेस्ट ड्राइव्ह म्हणत नाही. गाडीत निदान पाच माणसं बसवा आणि चढाचा रस्ता निवडा. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट जवळ आहे. भरलेल्या गाडीने चढावर पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना दम टाकला तर गावच्या घाटातही ती तेच करणार.

चालवायला सेडानच सुखाची, हे मी सेव्हन सीटर घेतल्यावरही म्हणते. ती जमिनीला धरून चालते, वळणावर कलंडल्यासारखी वाटत नाही, महामार्गावर वारा कापत जाते. माझ्या भावाचं घर तिघांचं आहे. त्याला दर आठवड्याला पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं. त्याने सेडान घेतली आणि त्याच्यासाठी तेच बरोबर होतं. उंच गाडीच्या तिसऱ्या रांगेत बसलेल्याला वळणाचे आणि खड्ड्यांचे हेलकावे जास्त लागतात, कारण ती जागा मागच्या चाकांच्या जवळ किंवा वर येते. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना तिथे बसवू नका.

सेडानची कमजोर बाजू स्पीडब्रेकर. पाच माणसं आणि भरलेली डिकी असली की गावाकडच्या उंच स्पीडब्रेकरवर ती खालून घासते. तुमच्या गावच्या वाटेवर असे स्पीडब्रेकर किती आहेत ते तुम्हालाच माहीत.

डिझेलचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: रोज चार-पाच किलोमीटरच्याच चकरा असतील तर नव्या डिझेल गाड्यांमधला धुराचा फिल्टर तुंबतो. लांबचा प्रवास वरचेवर असेल तरच डिझेल घ्या.

६. पट्टे आणि तारे

प्रत्येक सीटला खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा आहे का, प्रत्येक सीटला डोक्याचा आधार आहे का, हे एकेक करून हात लावून तपासा. मागच्या रांगेतही पट्टा लावायचाच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर मुंबईत मागच्या प्रवाशांनाही पट्ट्याची सक्ती कडक झाली.

मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेतच असतात, तिसऱ्या रांगेत नसतात. दोन लहान मुलं असतील तर दोघांसाठी हुक आहेत का ते बघा.

अपघात-चाचणीतले तारे मॉडेलनुसार आणि वर्षानुसार बदलतात. भारत एनकॅपच्या चाचण्या २०२३ पासून सुरू आहेत आणि त्याआधीपासून ग्लोबल एनकॅपच्या आहेत. स्लाव्हिया, व्हर्टस, व्हर्ना, नवी डिझायर यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाच तारे मिळाले. एर्टिगाला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये एकच तारा मिळाला होता. त्यानंतर २०२५ मध्ये तिला सहा एअरबॅग सर्व मॉडेलमध्ये आल्या. माझं मत स्पष्ट आहे: सनरूफसाठी पन्नास हजार मोजायची तयारी असेल तर ते आधी सुरक्षेला द्या.

७. किंमत म्हणजे ऑन-रोड किंमत

ऑन-रोड म्हणजे कर, नोंदणी, विमा सगळं धरून गाडी दारात येईपर्यंत लागणारी रक्कम. कोटेशन लेखीच मागा आणि एकेक ओळ वाचा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्यांना ४० टक्के. त्यामुळे डिझायर, अमेझसारख्या लहान सेडान आणि ट्रायबर एका बाजूला पडतात. सिटी, व्हर्ना, एर्टिगा, कॅरेन्स दुसऱ्या बाजूला.

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर पासिंग करताना पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, त्यावर १३ टक्के कर लागतो. डिझेलला तोच १३, १४ आणि १५ टक्के. म्हणजे १२ लाखांच्या पेट्रोल गाडीला १,४४,००० रुपये कर झाला. कंपनीच्या नावावर घेतलीत तर २० टक्के. १० लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने तुमच्याकडून आधीच घेतलेला आयकर, लागतो. तो आयकर विवरणपत्रात परत मिळतो. आमचे हे पैसे सोडून द्यायची वेळ आली होती, लेखापालाने २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या विवरणात) दाखवले म्हणून वाचले.

"हँडलिंग चार्जेस" किंवा "लॉजिस्टिक" नावाची ओळ असेल तर ती काढायला सांगा. एका शोरूमने आमच्या कोटेशनमध्ये अशी नऊ हजारांची ओळ घातली होती, विचारल्यावर लगेच खोडली. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नसते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. बाकीच्या विम्याचे दोन-तीन ठिकाणचे दर काढा, पण तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, सारखी आहे ना ते बघा. आयडीव्ही कमी दाखवून हप्ता स्वस्त केलेला असतो.

इंधनाचा फरक लिटरमध्ये मोजा. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणार असाल आणि सेडान १७, सेव्हन सीटर १४ देत असेल, तर वर्षाला साधारण १५० लिटर जास्त जळणार. टोल दोन्हींना सारखाच, कारण कार-जीप-व्हॅन हा एकच गट आहे.

८. कागदपत्रं

बुकिंगच्या दिवशीच एका पिशवीत ठेवा:

- आधार आणि पॅन, दोन-दोन प्रती
- पत्त्याचा पुरावा. आधारवर गावचा पत्ता असेल तर आत्ताच्या पत्त्याचा वेगळा, भाडेकरार नोंदणीकृत हवा
- फोटो चार
- कर्ज असेल तर तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. धंदा असेल तर दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं
- जुनी गाडी देणार असाल तर तिचं आरसी, विमा, पीयूसी आणि कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र

फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज) तुमच्या सहीचा असतो, २१ (विक्रीचा दाखला) आणि २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) विक्रेत्याकडून येतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या करू नका. जुनी गाडी दिल्यावर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० ची प्रत घ्या आणि मालकाचं नाव बदललं की नाही, हे महिन्याभरात परिवहनच्या संकेतस्थळावर तपासा. नाव बदलेपर्यंत तिचा दंड तुमच्याच दारी येतो. नव्या गाडीचं कर्ज फिटलं की बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवायला विसरू नका. बरेच जण थेट गाडी विकताना जागे होतात.

९. ताबा घेण्याआधी, दिवसाउजेडी

पूजेचा नारळ आणि पेढ्यांच्या गडबडीत गाडी तपासता येत नाही. म्हणून पासिंगआधी एक दिवस वेगळं जाऊन बघा. पासिंग झालं की गाडी तुमची, मग बदलून मिळणं कठीण.

चॅसी नंबर विक्रेत्याने दिलेल्या कागदांशी जुळवा आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लेखी घ्या. टायरच्या बाजूला चार अंक असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायर बघा, स्टेपनी विसरू नका. सगळ्या सीट पाडून, उभ्या करून, दुमडून बघा. सातही पट्टे ओढून बघा. आमच्या गाडीत तिसऱ्या रांगेतला एक पट्टा अडकत होता, तो त्यांनी तिथल्या तिथे बदलून दिला.

आता शेवटचं. पहिल्यांदा सगळं घर भरून निघाल, त्या सकाळी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. तिथे हवेचे आकडे असतात, दोन माणसांसाठी वेगळे आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळे. पंपावर हवा भरणारा मुलगा विचारल्याशिवाय नेहमीचाच आकडा लावतो. त्याला भरलेल्या गाडीचा आकडा सांगा. टायर थंड असताना, म्हणजे घरातून निघाल्यावर लागणाऱ्या पहिल्याच पंपावर.